कंसांचे कुळ आणि मालकीचा प्रश्न : लिस्पच्या साडेसहा दशकांचा इतिहास

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया-एआय मोहिमेस मंजुरी दिली. तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय महाविद्यालयांच्या वर्गांतून आणि वसतिगृहांच्या कट्ट्यांवरून अखंड चर्चिला जात आहे. ‘कोणती संगणकभाषा शिकू?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘पायथन’ असे मिळते, आणि ते चुकीचे नाही. परंतु ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव ज्या गणितज्ञाने रूढ केले, त्यानेच या विद्येसाठी १९५८ साली एक भाषा घडवण्यास आरंभ केला होता. तिचे नाव लिस्प. फोरट्रान वगळता आज वापरात असलेल्या उच्चस्तरीय भाषांत तिच्याइतकी जुनी दुसरी नाही.

लिस्पचा इतिहास बहुधा तांत्रिक चमत्कृतींची यादी म्हणून सांगितला जातो. येथे तो थोड्या वेगळ्या अंगाने मांडायचा आहे. या भाषेभोवती जमलेले लोक तीव्र मतांचे होते आणि ते सतत भांडले. भाषा एक असावी की अनेक? तिच्यात काय घालावे, काय गाळावे? निर्णय सर्वसंमतीने घ्यावा, मतदानाने घ्यावा, की निर्मात्याच्या विवेकावर सोडावा? या तिन्ही पद्धती लिस्पच्या कुळात प्रत्यक्ष वापरून पाहिल्या गेल्या आणि प्रत्येकीची किंमत कोणाला तरी मोजावी लागली. जगातील बहुतेक मुक्त आज्ञावल्यांसमोर आज हेच प्रश्न उभे आहेत. म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही.

सिद्धान्तातून उतरलेले यंत्र

जॉन मॅकार्थी (१९२७–२०११) यांनी १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ येथे भरलेल्या अभ्याससत्राच्या प्रस्तावात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा योजली. त्या काळी संगणक म्हणजे मुख्यतः आकडेमोड करणारे यंत्र. मॅकार्थींना मात्र त्याच्याकडून तर्क करवून घ्यायचा होता. तर्काला लागतात ती चिन्हे, आणि चिन्हांच्या याद्या. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी याद्या हाताळणारी आयपीएल ही भाषा आधीच तयार केली होती. पण ती यंत्रभाषेच्या फार जवळची होती. मॅकार्थींना गणितातील सूत्रासारखी, एकात एक गुंफता येणारी रचना हवी होती.

१९५८ च्या शरदात एमआयटी येथे मार्व्हिन मिन्स्की यांच्यासह त्यांचा प्रकल्प सुरू झाला. एप्रिल १९६० मध्ये त्यांचा सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखवले की मोजक्या प्राथमिक क्रिया, अट सांगणारी रचना आणि स्वतःलाच पुन्हा बोलावणारी फले एवढ्या सामग्रीवर कोणतीही गणनीय क्रिया लिहिता येते. ही क्षमता सिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘इव्हॅल’ नावाचे एक फल कागदावर मांडले. लिस्पमध्ये लिहिलेली कोणतीही आज्ञा त्यास द्यावी आणि त्याने तिचे उत्तर काढून द्यावे, अशी ती योजना होती. म्हणजे भाषेचा अर्थ सांगणारी व्याख्या त्याच भाषेत लिहिली गेली.

मॅकार्थींच्या दृष्टीने हे सैद्धान्तिक विवेचन होते. त्यांचा सहकारी स्टीव्ह रसेल याला त्यात निराळेच काही दिसले. कागदावरचे हे फल आपण आयबीएम ७०४ च्या यंत्रभाषेत उतरवले, तर भाषेचा अर्थ लावणारी आज्ञावली आयती हाती येईल, असे त्याचे म्हणणे. मॅकार्थींनी प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली. सिद्धान्त आणि व्यवहार यांत तू गल्लत करीत आहेस, असे ते म्हणाल्याचे त्यांनीच पुढे नमूद केले. रसेलने काम पूर्ण केले आणि लिस्प चालू लागली. हाच रसेल पुढे १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ या आद्य संगणक-खेळाचा प्रमुख कर्ता झाला.

लिस्पची लिपी पाहणाऱ्यास प्रथम दिसतात ते कंस. दोन अधिक तीन गुणिले चार हे तिच्यात असे लिहावे लागते : (+ २ (* ३ ४)). क्रिया आधी, घटक नंतर, आणि सगळे कंसात. मॅकार्थींनी नेहमीच्या गणिताला जवळची अशी दुसरी लेखनपद्धतीही योजली होती; ती पुढे यायची होती, पण वापरणाऱ्यांना कंसांचीच सवय झाली आणि ती कायमची मागे पडली. भाषेच्या निर्मात्याचा बेत समुदायाने मोडला, याचे हे पहिले उदाहरण.

कंसांची सवय पडण्यास सबळ कारण होते. वरची आज्ञा ही स्वतःच एक यादी आहे. लिस्प याद्या हाताळते, म्हणून ती आज्ञाही हाताळू शकते : त्यांचे तुकडे करू शकते, नव्या रचू शकते. अशा आज्ञा रचणाऱ्या आज्ञांना ‘मॅक्रो’ म्हणतात. इतर भाषांत नवी वाक्यरचना हवी असेल तर भाषेच्या कर्त्यांकडे विनवणी करावी लागते. लिस्पमध्ये ती आपणच घडवून घेता येते.

मॅकार्थींच्या याच कामातून ‘गार्बेज कलेक्शन’ आले. निरुपयोगी झालेली स्मृती शोधून ती पुन्हा उपलब्ध करून देणारी ही यंत्रणा आज जावापासून पायथनपर्यंत सर्वत्र आहे. जुन्या यंत्राची खूणही भाषेत उरली. यादीचे पहिले पद काढणाऱ्या क्रियेस ‘कार’ आणि उरलेली यादी देणाऱ्या क्रियेस ‘कडर’ म्हणतात. ही नावे आयबीएम ७०४ च्या ३६ बिटांच्या शब्दातील ‘ॲड्रेस’ व ‘डिक्रिमेंट’ या दोन भागांवरून पडली. ते यंत्र केव्हाच संग्रहालयात गेले. नावे अजून चालू आहेत.

दर बारा कोसांवर

‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ असे आपण म्हणतो. लिस्पच्या बाबतीत बारा कोसही लागले नाहीत. ज्या भाषेत प्रत्येकाला स्वतःची वाक्यरचना घडवता येते, तिच्या बोली वेगाने फुटणार हे उघड होते. एमआयटीत मॅकलिस्प वाढली. बीबीएन आणि झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात इंटरलिस्प. बर्कली येथे फ्रान्झ लिस्प. कार्नेगी मेलन येथे स्पाइस लिस्प. एका प्रयोगशाळेतली आज्ञावली दुसरीत चालेनाशी झाली.

सत्तरच्या दशकात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत खास लिस्पसाठी यंत्रे बांधली जाऊ लागली. रिचर्ड ग्रीनब्लॅट आणि टॉम नाइट हे त्यांचे प्रमुख शिल्पकार. या ‘लिस्प यंत्रां’ना बाजार आहे हे लक्षात येताच प्रयोगशाळा दुभंगली. १९७९–८० च्या सुमारास दोन कंपन्या निघाल्या : ग्रीनब्लॅट यांची लिस्प मशीन्स आणि बहुसंख्य सहकाऱ्यांना सामावून घेणारी सिम्बॉलिक्स. १५ मार्च १९८५ रोजी जगातले पहिले ‘डॉट कॉम’ नाव नोंदवले गेले ते या सिम्बॉलिक्सचेच.

काल-परवापर्यंत एकाच खोलीत बसून एकमेकांच्या आज्ञावल्या सुधारणारे लोक आता प्रतिस्पर्धी झाले. १९८२ मध्ये सिम्बॉलिक्सने आपल्या सुधारणा विद्यापीठाने वापराव्यात, पण पुढे कोणास देऊ नयेत, अशी भूमिका घेतली. प्रयोगशाळेत मागे राहिलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांना हे मान्य झाले नाही. सिम्बॉलिक्सच्या सुधारणांसारख्या सुधारणा स्वतः लिहून त्या दुसऱ्या पक्षाला उपलब्ध करून देण्याचा उद्योग त्यांनी १९८३ अखेरपर्यंत जवळजवळ एकहाती चालवला. हा लढा जिंकता येण्यासारखा नव्हता. कंपनीला शिक्षा करण्यापेक्षा मोडलेला समुदाय नव्याने उभारणे अधिक मोलाचे, या निष्कर्षाला ते आले.

सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हे त्याचे तत्त्व. पुढे १९८९ मध्ये हे तत्त्व ‘जीपीएल’ या परवान्यात बांधले गेले आणि लिनक्सच्या गाभ्यानेही तोच परवाना स्वीकारला. आज जगातील असंख्य यंत्रे ज्या परवान्याखाली चालतात, त्याच्या मुळाशी लिस्पच्या एका प्रयोगशाळेतील फूट होती. स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्स या संपादकाचा मोठा भाग लिस्पमध्येच लिहिलेला आहे.

तीन हजार संदेश

बोलींच्या बजबजपुरीची चिंता अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेलाही होती, कारण संशोधनाचा पैसा तिचा होता. एप्रिल १९८१ मध्ये तिने लिस्पकर्त्यांची बैठक बोलावली. तेथून ‘कॉमन लिस्प’ या समाईक भाषेचा प्रयत्न सुरू झाला. गाय स्टील, स्कॉट फालमन, रिचर्ड गॅब्रिएल, डेव्हिड मून आणि डॅनियल वाइनरेब ही पाच नावे त्यात अग्रभागी होती. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आपली म्हण त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही, पण पद्धत तीच होती.

या कामाची रीत त्या काळी अपूर्व होती. पूर्ण दिवसाच्या दोनच प्रत्यक्ष बैठका झाल्या. उरलेली सारी चर्चा आर्पानेटवरील संदेशांतून चालली. तीस महिन्यांत सुमारे ३,००० संदेश, म्हणजे दिवसाला सरासरी तीन. कोणताही एका ओळीचा, कोणताही वीस पानांचा. शेकडो मुद्द्यांवर निर्णय झाले. शक्य तेथे सहमतीने आणि अगदीच अडले तर साध्या बहुमताने. एखादी मोठी संगणकभाषा दूरदूरच्या लोकांनी जाळ्यावरील पत्रव्यवहारातून घडवण्याच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक. १९८४ मध्ये स्टील यांच्या ग्रंथाद्वारे भाषा जाहीर झाली.

मतभेद कशावर होत? बाहेरच्या माणसास क्षुल्लक वाटतील अशा गोष्टींवर. एकच नाव फलासाठी आणि सामान्य मूल्यासाठी स्वतंत्रपणे वापरता यावे का? रिकामी यादी म्हणजेच ‘असत्य’ मानावे का? कॉमन लिस्पने दोहोंस होकार दिला. तिच्या चुलत बहिणीने, स्कीमने, दोन्ही प्रश्नांवर अखेर नकार दिला. या दोन उत्तरांवरून आजही वाद रंगतात. त्यात हट्टाचा भाग असला, तरी तेवढाच नसतो. असा प्रत्येक निर्णय हजारो लोकांच्या जुन्या आज्ञावल्या चालतील की बंद पडतील हे ठरवत असे.

येथे सहमतीची किंमत दिसू लागते. कोणाचीच जुनी आज्ञावली मोडू नये म्हणून अनेकांच्या सोयी आत घ्याव्या लागल्या. १९९४ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने कॉमन लिस्पला मान्यता दिली तेव्हा तिचा मसुदा हजारांहून अधिक पानांचा झाला होता. इंटरलिस्पचे वापरकर्ते बहुतांशी बाहेरच राहिले. आणि तोवर काळ बदलला होता. तज्ज्ञ-प्रणालींविषयीच्या अवास्तव आश्वासनांचा फुगा फुटून कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘हिवाळा’ आला होता. साधी, स्वस्त संगणकयंत्रे महागड्या लिस्प यंत्रांना भारी पडत होती. पाचांपैकीच एक असलेल्या गॅब्रिएल यांनी याच सुमारास एक कडू निरीक्षण नोंदवले : सर्वांगपरिपूर्ण रचना सिद्ध होईपर्यंत, निम्मेच काम करणारी पण सोपी आणि सहज पसरणारी रचना जग व्यापून टाकते. युनिक्स आणि सी यांच्याकडे त्यांचा रोख होता.

एकमताची मर्यादा

स्कीमची वाट अगदी उलटी. १९७५ मध्ये जेरल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी कार्ल ह्यूइट यांच्या ‘ॲक्टर’ या प्रतिमानाचा अर्थ नीट समजावा म्हणून एक छोटीशी लिस्प लिहिली. ‘प्लॅनर’ आणि ‘कॉनायव्हर’ या भाषांच्या परंपरेत तिचे नाव ‘स्कीमर’ ठेवायचे होते. पण त्या संगणकप्रणालीत धारिकेच्या नावास सहाच अक्षरे मिळत, म्हणून शेवटचे अक्षर गळाले. लिहून झाल्यावर त्यांना आढळले की ॲक्टर आणि साधे फल यांच्यासाठी लिहिलेला मजकूर अक्षरशः एकच होता.

स्कीमने जुन्या लिस्पमधील एक दोष मुळापासून दूर केला. समजा, एका पत्रात ‘काकांना विचारा’ असे लिहिले आहे. हे काका कोणाचे? पत्र लिहिणाऱ्याचे, की जो ते वाचेल त्याचे? जुन्या लिस्पमध्ये वाचणाऱ्याचे. फल जेथून बोलावले जाई, तेथील नावांचे अर्थ त्यास लागू होत आणि अनपेक्षित गोंधळ उडे. स्कीमने अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा-कलनाला अनुसरून लिहिणाऱ्याचे काका प्रमाण मानले : नावाचा अर्थ फल जेथे लिहिले तेथून ठरेल. हीच रीत कॉमन लिस्पने उचलली आणि पुढे जवळजवळ साऱ्या आधुनिक भाषांनी.

स्कीमचे मानक ठरवणाऱ्यांची वृत्ती साधूची होती. सोयींवर सोयी रचत जाण्यापेक्षा, ज्या उणिवांमुळे त्या सोयींची गरज भासते त्या उणिवाच काढून टाकाव्यात, अशी त्यांची धारणा होती. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा दोष त्यांना टाळायचा होता. त्यासाठी त्यांनी जवळजवळ एकमताचा दंडक पाळला : सर्वांना पटेल तेच आत. त्यातून १९९८ चे पाचवे मानक अवघ्या पन्नासेक पानांत मावले. हॅरॉल्ड एबलसन आणि सस्मन यांनी स्कीमवर आधारलेले, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेले पाठ्यपुस्तक जगभर गाजले आणि एमआयटीच्या प्रवेशवर्षातील अनेक पिढ्या त्यावर वाढल्या.

पण एकमताची दुसरी बाजू अशी की ज्यावर एकमत होत नाही, ते कायमचे बाहेर राहते. मोठ्या आज्ञावल्यांचे विभाग कसे पाडावेत, चुका कशा हाताळाव्यात, यांवर मानक गप्प होते. प्रत्येक कर्त्याने आपापली उत्तरे शोधली. परिणामी दोन स्कीम एकमेकींशी बोलू शकेनात. भाषा इतकी लहान राहिली की समाईक काम करण्यासाठी ती पुरेना.

म्हणून सहाव्या मानकाच्या वेळी रीत बदलली. संपादकांची छोटी समिती मसुदा करील आणि नोंदणी केलेले मतदार कौल देतील; मान्यतेसाठी साठ टक्के होकार पुरेसा. २००७ मध्ये मतदान झाले. मतदारांनी आपल्या मताबरोबर कारणेही जाहीरपणे मांडली. मसुदा संमत झाला, परंतु विरोध लहानसहान नव्हता. मानक फार फुगले, लहानपणाचे तत्त्व सोडले, असा विरोधकांचा आक्षेप. वास्तवातल्या कामासाठी हे आवश्यकच होते, असा समर्थकांचा दावा. कित्येक कर्त्यांनी नवे मानक अमलात आणलेच नाही. मतपेटीत जिंकलेले मानक वापरात मात्र अर्धेच उतरले.

आज्ञावली-समुदायात मताधिक्याने कोणावर काही लादता येत नाही, कारण काम करणारे हात स्वेच्छेचे असतात. हा धडा सुकाणू समितीने घेतलेला दिसतो. २००९ मध्ये तिने ठरवले की सातव्या मानकाच्या दोन भाषा असाव्यात : अध्यापन आणि संशोधनासाठी लहान, व्यवहारासाठी मोठी. लहान भाषेचे मानक २०१३ मध्ये आले. दरम्यान पीएलटी स्कीम या मोठ्या शाखेने २०१० मध्ये आपले नावच बदलून ‘रॅकेट’ केले. आपण आता निराळी भाषा आहोत, हे तिने मोकळेपणाने मान्य केले आणि कटुता कमी झाली.

एकाच्या हाती सूत्रे

तिसरी पद्धत क्लोजरची. रिच हिकी हे अनुभवी आज्ञावलीकार. २००५ पासून त्यांनी पदरमोड करून दीर्घ सुट्टी घेतली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये एक नवी लिस्प जगापुढे ठेवली. ती जावाच्या आभासी यंत्रावर चालत असल्याने जावाचे प्रचंड भांडार तिला आयते मिळाले. जुन्या लिस्पशी अनुरूप राहण्याचे बंधन त्यांनी मुळातच घेतले नाही.

क्लोजरचा गाभा म्हणजे अपरिवर्तनीयता. एकदा तयार झालेली यादी बदलत नाही. ‘बदल’ म्हणजे नवी यादी. एका संगणकात अनेक गाभे एकाच वेळी काम करू लागल्यावर, दोघांनी एकच वस्तू एकदम बदलल्याने होणारे घोटाळे हा मोठा प्रश्न झाला होता. जे बदलतच नाही, त्यावरून भांडण कसले? शंका येईल की दहा लाख घटकांची यादी दर वेळी नव्याने लिहायची काय? नाही. ही यादी प्रत्येक गाठीस ३२ फांद्या असलेल्या वृक्षात साठवलेली असते. ३२ चा चौथा घात १०,४८,५७६ होतो. म्हणजे दहा लाख घटकांना चार पातळ्या पुरतात. एक घटक बदलायचा तर मुळापासून त्याच्यापर्यंतच्या मोजक्या गाठी नव्या करायच्या. उरलेला सारा वृक्ष जुन्या आणि नव्या यादीत समाईक राहतो. फिल बॅगवेल यांच्या संशोधनातील वृक्षरचना हिकी यांनी अशा प्रकारे कामास लावली.

भाषा झपाट्याने पसरली. तिच्या गाभ्यात काय जावे, हे मात्र शेवटपर्यंत हिकी आणि त्यांचे निकटचे सहकारी ठरवत. सुधारणा पाठवणाऱ्यास लेखी करार करावा लागे, छाननी कडक असे आणि उत्तरास कधी फार विलंब लागे. २०१८ मध्ये समुदायातील नाराजी उघड झाली. आम्ही वेळ देतो, सूचना करतो, तरी आमचे ऐकले जात नाही, असा सूर होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हिकी यांनी जाहीर उत्तर लिहिले. त्याचा आशय असा : मुक्त परवाना तुम्हाला आज्ञावली वापरण्याचा आणि बदलण्याचा हक्क देतो, कर्त्याच्या वेळेवर, लक्षावर किंवा निर्णयावर त्यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे निर्विवाद आहे. अनेक थकलेल्या कर्त्यांना ते वाचून दिलासा मिळाला. इतरांना ते लागले, कारण भाषा केवळ परवान्यावर जगत नाही. ग्रंथालये लिहिणारे, नवख्यांना शिकवणारे, चुका शोधणारे यांच्या श्रमावर ती जगते, आणि त्या श्रमामागे आपलेपणाची भावना असते. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एकहाती नियंत्रणाने क्लोजरला दुर्मीळ स्थैर्य दिले. जुन्या आज्ञावल्या वर्षानुवर्षे न मोडता चालतात. त्याच नियंत्रणाने काही उत्साही माणसे दुरावली. २०२० मध्ये हिकी यांची कंपनी ब्राझीलच्या नूबँकने विकत घेतली आणि २०२३ मध्ये हिकी व्यावसायिक कामातून निवृत्त झाले. भाषा चालूच आहे.

भारतातील धागे

या कहाणीचे काही धागे आपल्या देशात पोहोचतात. आंध्रातील कटूर या गावी जन्मलेले राज रेड्डी यांनी १९६६ मध्ये स्टॅनफर्ड येथे मॅकार्थी यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. यंत्राला मानवी वाणी समजावी यासाठीचे त्यांचे कार्य मूलभूत ठरले. १९९४ मध्ये एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासह त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले आशियाई ठरले. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

दुसरा धागा केरळचा. २० जुलै २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचा प्रारंभ झाला, तेव्हा स्टॉलमन तेथे उपस्थित होते. त्यानंतरच्या दशकात केरळच्या शाळांतील संगणकांवर मुक्त आज्ञावली पोहोचली. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील फुटीचा परिणाम वीस वर्षांनी मल्याळम माध्यमाच्या वर्गखोलीत दिसला.

तिसरा धागा आजचा. पुण्यात उभ्या राहिलेल्या हेल्पशिफ्टने आपल्या कामासाठी क्लोजर निवडली. बेंगळुरूची निलेन्सो ही क्लोजर जाणणारी संस्था तिच्या कर्मचाऱ्यांच्याच सामाईक मालकीची आहे. सहकाराचा वारसा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकास यात ओळखीचे काही सापडेल. ‘इन-क्लोजर’ या नावाने भारतीय क्लोजरकर्त्यांची संमेलनेही भरली आहेत.

उरलेला प्रश्न

लिस्प हरली असे अनेकदा म्हटले जाते. वापरणाऱ्यांची संख्या पाहता ते खरे आहे. एमआयटीनेही २००७–०८ च्या सुमारास प्रवेशवर्षासाठी स्कीम सोडून पायथन घेतली. पण त्या पायथनमध्येही ‘लॅम्डा’ आहे. जावास्क्रिप्टच्या कर्त्यास १९९५ मध्ये नेटस्केपने बोलावले ते ब्राउझरमध्ये स्कीम बसवण्याच्या आश्वासनावर, आणि फलांना मूल्यांप्रमाणे वागवण्याची रीत त्या भाषेत आलीच. कुळ लहान राहिले. त्याचे संस्कार मात्र दुसऱ्यांच्या घरी वाढले.

मालकीच्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात एक मिळत नाही. कॉमन लिस्पच्या सहमतीने सर्वांना सामावले आणि भाषा अवजड झाली. स्कीमच्या एकमताने ती निर्मळ ठेवली आणि तोकडी केली. मतदानाने तिला वाढवले आणि दुभंगले. क्लोजरच्या एकहाती सूत्रांनी ती सुसंगत राहिली आणि काही जण दूर गेले. प्रत्येक वेळी एक गोष्ट मात्र टिकून राहिली : वाद लेखी आणि उघड होता. ॲक्टर-वाद, तीन हजार संदेश, मतदारांची कारणे, हिकींचे उत्तर, हे सारे आजही वाचता येते. म्हणूनच नंतर आलेल्यांना त्यातून शिकता आले.

भारत आता केवळ आज्ञावली वापरणारा देश राहिलेला नाही. आपल्याकडचे हजारो तरुण मुक्त प्रकल्पांत भर घालतात. अशा प्रकल्पात तुमची सूचना एक दिवस नाकारली जाईल किंवा तुम्हाला कोणाची नाकारावी लागेल. त्या वेळी निर्णय कोण घेतो, कोणत्या रीतीने घेतो आणि त्याची कारणे लिहून ठेवतो का, हे विचारून पाहा. आणि सवड मिळाल्यास एबलसन-सस्मन यांचे ते पुस्तक उघडा. प्रकाशकाने ते सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहे. पहिल्या प्रकरणातले कंस मोजता मोजता दमछाक होईल. चौथ्या प्रकरणात तुम्ही स्वतःच ‘इव्हॅल’ लिहाल, आणि साठहून अधिक वर्षांपूर्वी स्टीव्ह रसेलला त्या कागदात काय दिसले असेल, हे तेव्हा कळेल.